तळ्याच्या कडेची आत्याबाईंची जागा

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगलं नाही, आणि जोडाक्षर आलं की पेन तिथंच अडतं. चौथीपर्यंत शाळा झाली, तीसुद्धा निम्मं वर्ष वर्गात आणि निम्मं वर्ष मेंढरांमागं. त्यामुळं चुका होणार. कुणाच्या हाती हे पडलंच तर त्यानं राग मानू नये. मी हे माझ्यासाठी लिहिते. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण कागदापुढं बसले की सगळं ओळीनं आठवतं आणि नीट सांगता येतं. म्हणून तळ्याच्या कडेला काय झालं ते लिहून ठेवते.

आमचं गाव पाटोद्याकडचं, माळरानातलं. आम्ही मेंढरावाले. दिवाळी झाली की बहुतेक घरं मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, जातात. तिथल्या शेतांत मुक्कामाला मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेताला मिळतं आणि शेतकरी आपल्याला धान्य देतो. पावसाळ्याच्या तोंडावर परत गावी. लग्नानंतर मीही पुष्कळ वर्षं अशीच फिरले. मग आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे धरले. त्यांना चालवेना. तेव्हापासून आम्ही दोघी गावात राहायला लागलो आणि मालक थोरल्या दिरांबरोबर मेंढरं नेऊ लागले.

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, माती देतात. गावाच्या मावळतीला टेकाड आहे, त्यावर आमची मसणवट. किती जुनी ते कुणालाच सांगता येत नाही. वर एक कोरीव दगड आहे, त्यात काठी घेतलेला माणूस आणि अंगावर आलेला लांडगा. आमचा मूळ पुरुष मेंढरं राखताना तसा मेला, असं सांगतात. त्या दगडापासून खाली पिढीमागं पिढी निजलेली. शेवटच्या ओळीत, तळ्याच्या बाजूला, माझे सासरे आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांच्या डाव्या हाताची जागा आत्याबाईंनी स्वतःसाठी धरून ठेवली होती.

धरून म्हणजे अगदी बसमध्ये रुमाल टाकून धरतात तशी. दर सणाला मामांच्या मातीवरचं गवत काढायला गेल्या की शेजारची मोकळी जागाही हातानं साफ करायच्या, खडे वेचायच्या. एकदा जाऊबाई दमून तिथं टेकल्या तर त्यांना उठवलं.

"उठ गं, ती माजी जागा हाय."

"आत्या, तुमी तर हायत की अजून."

"हाय म्हणूनच सांगतीय. नसल्यावर काय सांगू?"

टेकाडाच्या पलीकडं तळं. मोठ्या दुष्काळात सरकारनं काम काढलं तेव्हा आत्याबाई तरण्या होत्या. त्यांनी तळ्याच्या बांधाची माती डोक्यावरून वाहिली, त्या मजुरीवर घर जगलं. तेव्हा पाणी टेकाडापासून लांब होतं, मधे एक पूर्ण वावर होतं म्हणतात. माझ्या लग्नात ते वावर अर्धं राहिलं होतं. नंतर तेही गेलं. तळं भरलं आणि वारं सुटलं की मावळतीकडून लाटा येतात त्या थेट आमच्या टेकाडाला धडकतात. समुद्र मी पाहिलेला नाही, पण धाकट्या दिराची बायको कोकणात जाऊन आली, ती म्हणते असाच आवाज येतो, फक्त मोठा.

एका वर्षी पाऊस चांगला झाला आणि तळं काठोकाठ भरलं. पोळ्याच्या सुमारास खालच्या बाजूची दरड कोसळली. कुणा एका जुन्या माणसाच्या डोक्याशी लावलेला दगड पाण्यात गेला. तो काढायला ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, दगड वर आला. पण मी बघत होते मामांकडं. त्यांच्या मातीपासून कडा आता चार-पाच हातांवर आली होती. आणि आत्याबाईंची जागा त्यांच्यापेक्षाही कडेला.

आत्याबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसल्या. चहा घेतला नाही.

"ज्या तळ्याची माती म्या डोईवर वाहिली, ते आता माज्याच उरावर यायलंय," म्हणाल्या. मग गुडघे चोळत, "माजी जागा जाणार गं."

आत्याबाई रडणाऱ्या बायकांपैकी नव्हत्या. म्हणून मला ते जास्त लागलं. त्याच दिवशी मी मनात धरलं की ही जागा जाऊ द्यायची नाही. कशी, ते माहीत नव्हतं.

गावानं अर्ज दिला. एक साहेब येऊन बघून गेले. माणूस भला होता, चप्पल काढून मसणवटीत शिरला. म्हणाला, काम करण्यासारखं आहे, मी वर कळवतो, पण मंजुरीला वेळ लागेल. खोटी आशा लावली नाही त्यानं. देवळापुढं बैठक बसली तेव्हा थोरल्या दिरांनी दुसरा मार्ग काढला.

"कडंची दोन-तीन वळी उकरून काढू, वरच्या अंगाला पुरू. त्यात काय एवढं?"

आत्याबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जित्तेपणी तुज्या बापाला मेंढरांनी एका जागी बसू दिलं न्हाई. आता निजलाय तर उठवतोस व्हय? त्यो इचारल ना, आता कंच्या गावाला जायाचंय म्हणून."

लोक हसले. दीरही हसले आणि उकरायची गोष्ट तिथंच संपली. पण दुसरं काही निघालं नाही. माणसं उठून गेली.

मी तळ्यावर रोज जात होते. पावसाळ्यात भिजलेल्या घोंगड्या धुवायच्या असतात, त्याला पाणी लागतं. धुता धुता मी कड बघायचे. आठ-पंधरा दिवस नुसती बघत होते. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कड सगळीकडून सारखी ढासळत नव्हती. जिथं तरवडाची झुडपं होती, कुसळी गवत होतं, तिथं लाट यायची आणि परत जायची. ढासळत होतं ते फक्त मधेच, आणि तिथं जमीन बोडकी होती. बोडकी कशानं, तर आमच्या मेंढरांनी. मेंढरं मसणवटीतूनच पाण्यावर उतरायची. त्यांच्या खुरांनी वाटा पडल्या, वाटांतून पावसाचं पाणी धावलं, घळी झाल्या, आणि घळीत लाट शिरली.

हे नुसतं पाण्यावर उतरण्यापुरतं नव्हतं. आमची एक रीत आहे. गंगथडीला निघायच्या आदल्या रात्री सगळ्या घरांची मेंढरं एकत्र करून मसणवटीत बसवतात. जाळीचं कुंपण करतात, नारळ फोडतात. मेलेल्या माणसांनी आपला माल बघावा, त्यावरून हात फिरवावा, मग वाट सुखाची होते. मेंढराचा पाय जिथं पडतो तिथं चांगलंच होतं असं आम्ही धरून चालतो. परक्याच्या शेतात आम्ही तेच विकतो की. मग आपल्याच माणसांना ते का द्यायचं नाही? एवढी माया करून आम्ही दर वर्षी त्यांच्या अंगावरचं गवत मुळासकट खुडून, माती भुसभुशीत करून, तळ्याला वाढून ठेवत होतो.

हे पुरुषांना सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. मी आत्याबाईंना सांगितलं, चुलीपुढं, त्यांच्याकडं न बघता.

त्या एकदम खवळल्या. "मेंढरावर ढकलतीस? ज्या मेंढरानं तुला खाऊ घातलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काठी घेऊन दारात उभ्या. "चल, दाव मला."

दाखवलं. त्या कडेला बसल्या, आपल्या जागेवर. दुपारच्या पाण्याला कळप आला. मेंढरं आमच्या दोन्ही अंगांनी खाली उतरली, पाणी प्याली, वर चढली. चढताना एकेका खुरानं मूठ मूठ माती खाली सुटत होती. आत्याबाई बघत राहिल्या. कळप गेल्यावर काठीनं एक ढेकूळ पाण्यात लोटलं.

"कावून कुणाला दिसलं न्हाई हे?"

"रोजचंच असतं ना, आत्या."

"बैठकीत तू सांग."

"मी न्हाई. तुमी सांगा."

"मला म्हणतील म्हातारी चळली. तू सांग."

पुन्हा बैठक बसली. आत्याबाई म्हणाल्या, "माज्या सुनंला बोलायचंय," आणि मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, समोर देवळाचा खांब होता, त्या खांबाला सगळं सांगितलं. कुठं गवत आहे, कुठं नाही, कुठं ढासळतं. बोलले थोडं, पण मधे अडले नाही. या वर्षी मेंढरं मसणवटीत बसवू नयेत आणि पाण्याची वाट पलीकडच्या खडकावरून करावी, एवढंच माझं म्हणणं.

मग थोरले दीर म्हणाले, "म्हंजी आमीच आमच्या बापाला पाण्यात ढकलायलो, असं म्हणती का काय ही?"

एक म्हातारे चुलत सासरे म्हणाले, "रीत मोडली आन रोग आला मेंढरात, तर ही बाई भरून देणार हाय का?"

"खांबाला इचारा," मागून कुणीतरी म्हणालं. "तिनं त्यालाच सांगितलंय."

मोठा हशा झाला. पण मी खाली बसले नाही. का बसले नाही ते मला अजून कळत नाही. आत्याबाईंनी हसणं संपू दिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "आपुनच ढकलायलोत. जाऊन बघून या. आन रीत मोडा म्हणत न्हाई कुणी. टेकाडाच्या खालच्या अंगाला, गावाकडच्या बाजूला बसवा मेंढरं. मेलेल्या माणसाला तिथून दिसत न्हाई का? का त्यास्नी चष्मा लागलाय?"

सगळेजण गेले बघायला. दुपारचा कळप येईपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी खडकाच्या बाजूनं काटे तोडून वाट थोरल्या दिरांनीच केली. त्या दिवाळीनंतर मेंढरं टेकाडाखाली बसली. नारळ वर जाऊन फोडला. त्या वर्षी मेंढरांत रोग आला नाही, हेही लिहून ठेवते, कारण आला असता तर माझ्या नावावर गेला असता.

गवत पुढच्या पावसात वाढणार, पण तोवर कडेला आधार हवा होता. दगड लागणार. दगड टेकड्यांवर पडलेले, पण ट्रॅक्टर, डिझेल, लावणारा माणूस, याला रोख पैसे लागतात. घरोघरी माणसं मेंढरांबरोबर बाहेर गेलेली. फोनवर सगळे म्हणाले, आल्यावर बघू. आल्यावर म्हणजे पाऊस तोंडावर.

आमचा बायकांचा बचत गट आहे. शेतीवाल्या बायका आणि आम्ही, दोन्ही. मी गटात कधी तोंड उघडलेलं नव्हतं, हप्ता ठेवायचा आणि उठायचं. त्या महिन्यात मी कर्ज मागितलं. अध्यक्षीणबाई शेतीवाल्या घरच्या. त्यांनी विचारलं, "कशाला पाहिजे?"

"मसणवटीला दगड लावायचे."

"अगं, कर्ज शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो. मसणवटीतून काय उत्पन्न येणार?"

"उत्पन्न न्हाई येणार. पण पैसे येतील. मी देईन."

"तू? घराघरातून तू गोळा करणार? तुझ्या तोंडावरची तर माशीबी उठत न्हाई."

"माझ्या नावावर लिहा," मी म्हणाले. "गोळा झाले न्हाई तर माझी मेंढरं विकीन."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आमच्या घरालाही त्या तळ्यानं काही सोडलेलं नाही, आमची विहीर त्यात गेली, लिहा हिच्या नावावर.

शिरूरकडचा एक दगडकाम करणारा गवंडी आणला. आम्ही गावात राहिलेल्या बायकांनी दगड वेचले, ट्रॅक्टरनं आणले, त्यानं कडेला उतार करून रचले. छान दिसत होतं. उन्हाळा असूनही तळ्यात पाणी बरंच होतं. वळवाच्या आधीचं वारं सुटलं, दोन दिवस लाटा आपटल्या, आणि तिसऱ्या दिवशी खालचे दगड चक्क आत गेले होते. मधून गढूळ पाणी वाहत होतं. गटाचे पैसे पाण्यात, असं त्या दिवशी मला वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते आत्याबाईंचं तोंड बघून.

गवंडी पुन्हा आला, दगडांत हात घालून बघितलं. "ताई, दगड बुडाले न्हाईत. मागची माती पळतीया. लाट फटीतून आत जाती, येताना माती घेऊन येती. मोठ्या कामावर दगडाखाली एक जाड कापड घालत्यात. पाणी येतं-जातं, माती अडती."

"केवढ्याला मिळतं?"

त्यानं सांगितलं. आम्ही सगळ्या जणी तिथंच खाली बसलो.

माझ्यापुढं धुवायला आणलेली घोंगडी पडली होती. घोंगडीतली माती काढता काढता हात मोडतात. कितीही आपटा, पाणी निथळून जातं आणि माती लोकरीत बसते. मी गवंड्याला म्हणाले, या खेपेला खांबाला नाही, त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "लोकर चालल का?"

"कशी लोकर?"

आमच्या मेंढरांची लोकर काळी, राठ. पूर्वी घोंगड्या विणणारे घरी येऊन घेऊन जायचे. आता कुणी फुकट नेत नाही. कातरणी झाली की ढीग कुंपणावर टाकून देतात, नाहीतर जाळतात. गवंड्यानं एक मूठ घेतली, पाण्यात बुडवली, पिळली, त्यात चिखल चोळला, पुन्हा पाणी ओतलं.

"करून बघू," म्हणाला. "कुजल की न्हाई ते मला ठाव न्हाई."

"पाऊस खाऊन खाऊन आमची घोंगडी माज्या सासऱ्यापासनं चालली," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचे दगड टिकवा तुमी."

बायकांनी घराघरातून लोकर आणली. फाटक्या घोंगड्या आणल्या, लोकर दाबून केलेली जुनी अंथरुणं आणली. आत्याबाईंनी मामांचं अंथरूण काढून दिलं, ज्याला कुणाला हात लावू देत नसत. जाऊबाई म्हणाल्या, राहू द्या ते. आत्याबाई म्हणाल्या, "त्याच्याच शेजारी घालायचंय की. वळखीचं हाय त्याला." दगड काढून कड पुन्हा तासली, लोकरीचा जाड थर पसरला, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड. वरच्या अंगाला तरवड आणि घायपात लावलं.

पावसाळ्यात तळं पुन्हा भरलं. वारं सुटलं की आत्याबाई मला आधी तिकडं पाठवायच्या, मग स्वयंपाक. मी जायचे, दगडांतून येणारं पाणी ओंजळीत घेऊन बघायचे. निवळ असायचं. दिवाळीपर्यंत कड होती तिथंच होती. पुढच्या वर्षीही. घायपात आता कमरेएवढं झालं आहे आणि दगडांच्या फटीत गवत उगवलं आहे.

आत्याबाई त्यानंतरच्या थंडीत गेल्या. फार दुखणं नाही, दोन दिवस ताप. मेंढरं तेव्हा गंगथडीला होती. फोन गेले, सगळे जीप करून आले. खड्डा थोरल्या दिरांनी स्वतः खणला, मामांच्या डाव्या हाताला. तळं खाली भरलेलं होतं, चार पावलांवर पाणी, पण खड्ड्याची माती कोरडी आणि घट्ट निघाली. पहार लागत होती. दीर घामानं भिजले. वर येऊन त्यांनी पदराआड उभ्या असलेल्या मला विचारलं, "गटाचं किती ऱ्हायलंय?"

मी सांगितलं. तोवर मी घराघरातून बरंच गोळा केलं होतं. दारात जाऊन उभी राहायचे, काही बोलायची नाही, बायका आपोआप पैसे काढून आणायच्या. न बोलण्याचाही उपयोग असतो. पण तीन-चार घरं टाळत होती, त्यात दिरांचं एक. दर वेळी म्हणायचे, कोकरं विकू दे, मग बघू.

गंगथडीला परत गेल्यावर त्यांनी तिथल्याच बाजारात कोकरं विकली. उरलेल्या घरांकडूनही त्यांनीच घेतले. पैसे मालकांच्या हाती पाठवले, रुमालात गाठ मारून. निरोप एवढाच होता की मोजून घे.

मोजून घेतले. पुढच्या बैठकीला गटात गेले, अध्यक्षीणबाईंच्या पुढं ठेवले. त्यांनी दोनदा मोजले, व्याज धरलं, माझी सही घेतली. सहीचं अक्षर माझं तसलंच. मसणवटीच्या दगडांचे पैसे त्या दिवशी पूर्ण फिटले.